व्हॅक्यूम क्लीनर घेण्यापूर्वीचा हिशेब

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईचे दिवस जवळ आले की परिचित मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो : ‘व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचा आहे, कोणत्या कंपनीचा घ्यावा?’ विचारणारे बहुधा व्यापारी कुटुंबातलेच असतात. मालाची पारख, भावाची घासाघीस आणि उधारीची वसुली या तिन्ही गोष्टी त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी अधिक कळतात. तरीही विजेच्या यंत्रापुढे उभे राहिल्यावर हीच मंडळी खोक्यावरचा मोठा आकडा आणि सवलतीची चिठ्ठी पाहून निर्णय घेतात. मग वर्ष-दोन वर्षांत ते यंत्र पोटमाळ्यावर जाते आणि घरात पुन्हा केरसुणी फिरू लागते. ज्या मालमत्तेत पैसा अडकला आहे, पण जिच्यापासून काहीच प्राप्ती नाही, तिला बँकेत आम्ही अनुत्पादक म्हणत असू. पोटमाळ्यावरचे हे यंत्र त्याच सदरात मोडते.

कंपनीचे नाव हा माझ्या मते शेवटी विचारण्याचा प्रश्न आहे. त्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. कोणत्या प्रकारची धूळ उचलायची आहे? यंत्र वर्षाला किती तास चालवायचे आहे? आणि ते बिघडले तर दुरुस्तीसाठी किती दूर न्यावे लागेल? चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या भागात राहणाऱ्यांसाठी यंत्राचा भरवसा या तीन उत्तरांवर ठरतो. हे तिन्ही प्रश्न आज क्रमाने पाहू.

आपल्याकडची धूळ

पुण्या-मुंबईच्या बंद सदनिकांतील धूळ आणि आपल्याकडची धूळ सारखी नाही. चंद्रपूरच्या आसमंतात कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्र आणि सिमेंटचे कारखाने आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांची पाहणी करून प्रदूषणाचा निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूरचा आकडा ८३.८८ होता आणि देशात त्याचा क्रमांक चौथा लागला होता. गडचिरोलीकडे कोळसा नाही; पण मुरमाचे रस्ते आहेत, खनिजाची अवजड वाहतूक आहे आणि धानाचा हंगाम आहे. देसाईगंजसारख्या गावात राईस मिल सुरू झाल्या की तुसाची आणि कोंड्याची बारीक पूड बाजारपेठेतल्या दुकानांपर्यंत पोहोचते.

या धुळीतला जाडसर भाग केरसुणीने गोळा होतो. बारीक भाग मात्र गोळा होत नाही, तो हवेत उडतो. माणसाच्या केसाची जाडी ढोबळमानाने ७० मायक्रॉन धरली, तर छातीला खरा अपाय करणारे कण १० मायक्रॉनहूनही लहान असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांतले अगदी सूक्ष्म कण तासन्‌तास हवेत तरंगत राहतात. सकाळी नऊला दुकान झाडले की दहा-अकरापर्यंत तीच धूळ पुन्हा फळ्यांवर, गादीवर आणि कापडाच्या घड्यांवर बसते. फिक्या रंगाच्या साडीच्या घडीवर उमटणारी काळसर रेघ कापड व्यापाऱ्यांना चांगली परिचित आहे. असा माल सणाच्या शेवटी पडत्या भावाने काढावा लागतो, आणि हे नुकसान कोणत्याही वहीत ‘धूळ’ या नावाने लिहिले जात नाही.

दुसरे नुकसान त्याहून गंभीर आहे. झाडताना उडालेली धूळ सर्वांत आधी झाडणाऱ्याच्याच श्वासात जाते. घरात ती गृहिणी असते किंवा कामाला येणाऱ्या ताई असतात. दुकानात तो सकाळी सर्वांआधी येणारा नोकर असतो. त्याच घरात दम्याचा विकार असलेले आजोबा किंवा तान्हे मूल असेल, तर त्यांनाही हा भाग चुकत नाही. यंत्र घ्यावे की न घ्यावे, याचा विचार करताना केवळ सोयीकडे पाहू नये, ते एवढ्यासाठी.

हे यंत्र जन्मले कसे, हेही या संदर्भात पाहण्यासारखे आहे. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने हवा ओढून धूळ काढणारे पहिले मोठे यंत्र तयार केले. तोपर्यंतची यंत्रे फुंकर मारून धूळ उडवीत, म्हणजे केरसुणीचेच काम जरा जोराने करीत. बूथचे यंत्र घोडागाडीवर बसवलेले असे; ते रस्त्यावर उभे राही आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडल्या जात. घरात वापरता येईल असे सुटसुटीत यंत्र अमेरिकेत ओहायो राज्यातील जेम्स मरे स्पँगलर यांनी घडवले आणि १९०८ साली त्याचे पेटंट मिळवले. स्पँगलर हे एका दुकानात झाडलोट करीत असत आणि त्यांना दमा होता. झाडताना उडणाऱ्या धुळीने त्यांचा त्रास वाढे. पंखा, मोटार आणि उशीचा अभ्रा यांची जुळणी करून त्यांनी हा मार्ग काढला. पुढे त्यांनी आपले हक्क हूवर यांच्या कंपनीला विकले. झाडणाऱ्या माणसाने आपल्या छातीसाठी शोधलेले हे यंत्र आहे, एवढे लक्षात ठेवले तरी पुढची निवड सोपी होते.

आपल्या देशात हे यंत्र मध्यमवर्गाच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचले ते १९८० नंतर. ज्या १९८२ साली गडचिरोली चंद्रपूरपासून वेगळा होऊन स्वतंत्र जिल्हा झाला, त्याच वर्षी मुंबईत युरेका फोर्ब्स ही कंपनी सुरू झाली आणि तिच्या विक्रेत्यांनी घरोघरी जाऊन, गालिच्यातून आणि गादीतून निघालेली धूळ प्रत्यक्ष दाखवून हे यंत्र विकण्याची पद्धत रूढ केली. प्रात्यक्षिक हे चांगलेच असते. मात्र प्रात्यक्षिकाने घरात धूळ आहे एवढेच सिद्ध होते. समोरचे यंत्र आपल्या कामाला योग्य आहे की नाही, याचा निर्णय ग्राहकालाच करावा लागतो. आज विक्रेत्याची जागा मोबाइलवरच्या चित्रफितीने घेतली आहे. निर्णयाची जबाबदारी मात्र पूर्वीसारखीच ग्राहकावर आहे.

तासांचा हिशेब

यंत्राचे आयुष्य वर्षांत मोजण्याची आपली सवय आहे. वास्तविक ते तासांत मोजले पाहिजे. तारेवर चालणाऱ्या साध्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटार मिनिटाला २० हजारांहून अधिक फेरे घेते. तिच्यात कार्बनचे दोन तुकडे असतात आणि ते फिरत्या भागाला घासून सतत झिजत असतात. आपले मेकॅनिक त्यांना नुसते ‘कार्बन’ म्हणतात. ते संपले की मोटार थांबते. वेळीच बदलले तर पुन्हा चालते.

मोटार किती तास टिकावी, यासाठी युरोपीय महासंघाच्या नियमाचा एक उपयुक्त मापदंड आहे. घरगुती यंत्राची मोटार किमान ५०० तास चालली पाहिजे आणि नळी ४० हजार वेळा वाकवल्यानंतरही वापरण्याजोगी राहिली पाहिजे, असे तो नियम सांगतो. हा नियम आपल्याकडे लागू नाही, पण हिशेबासाठी ५०० तास हा आकडा धरायला हरकत नाही.

घरात आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी अर्धा तास यंत्र चालले तर आठवड्याचा १ तास आणि वर्षाचे ५२ तास होतात. ५०० तास पुरे व्हायला साडेनऊ वर्षे लागतील. आता तेच यंत्र दुकानात ठेवा. रोज अर्धा तास, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १५० तास. मोटारीचे आयुष्य ३ वर्षे ४ महिन्यांत संपेल. मोठ्या शोरूममध्ये किंवा कार्यालयात रोज १ तास चालवले तर २० महिनेच. यंत्र तेच, कंपनी तीच. घरात ते ‘उत्तम’ ठरेल आणि दुकानात ‘फसवणूक’. एकाच यंत्राविषयी दोन व्याह्यांची दोन मते पडतात, त्यामागे पुष्कळदा हे तासांचे गणित असते.

आता पैशांकडे पाहू. समजा, घरासाठी ७,००० रुपयांचे १,४०० वॅटचे यंत्र घेतले. पिशव्या आणि फिल्टर यांना वर्षाला ८०० रुपये लागतात असे धरू. वीज वर्षाला ५२ तासांची सुमारे ७३ युनिट होईल. १० रुपये दर धरला तर ७३० रुपये. नऊ वर्षांत ४६८ तास वापर झाला आणि एकूण खर्च झाला सुमारे २०,८०० रुपये. तासाला ४४ रुपये. दुसऱ्या बाजूला ५,००० रुपयांचे स्वस्त यंत्र घेतले. फिल्टरचा व विजेचा खर्च तेवढाच, पण तीन वर्षांनी त्याचा फिल्टर बाजारात मिळेनासा झाला. तेव्हा १५६ तासांत खर्च झाला सुमारे ९,६०० रुपये, म्हणजे तासाला ६१ रुपये. खरेदीच्या वेळी वाचलेले २,००० रुपये असे परत जातात. पहिल्या उदाहरणात खरेदीची किंमत एकूण खर्चाच्या जेमतेम एक तृतीयांश आहे, ही बाबही व्यापाऱ्याच्या नजरेतून सुटू नये.

वॅटचा मोह

खोक्यावर सर्वांत ठळक अक्षरांत वॅटचा आकडा असतो. १,२००, १,६००, २,००० अशी चढती भाजणी पाहून ग्राहक मोठा आकडा उचलतो. हा आकडा यंत्र किती वीज खाते ते सांगतो. किती धूळ उचलते ते सांगत नाही. युरोपात २०१४ च्या सप्टेंबरपासून १,६०० वॅटहून आणि २०१७ च्या सप्टेंबरपासून ९०० वॅटहून अधिक वीज घेणाऱ्या घरगुती यंत्रांना बंदी झाली. नळीची रचना, सांध्यांची घट्ट बैठक आणि तोंडाचा योग्य आकार यांमुळे कमी विजेतही काम होते, हे तेथील कारखान्यांनी दाखवून दिले. म्हणून माहितीपत्रकात ओढण्याचा दाब किलोपास्कलमध्ये आणि हवेचा प्रवाह सेकंदाला किती लिटर, हे दोन्ही आकडे शोधावेत. केवळ दाब जास्त आणि प्रवाह कमी असेल, तर गादीतली धूळ सुटत नाही.

मोठ्या वॅटचा आणखी एक खर्च आहे. १,६०० वॅटचे यंत्र सुमारे ७ अँपिअर वीज ओढते. दिवाबत्तीच्या ६ अँपिअरच्या पिनवर किंवा स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डवर ते लावू नये. त्यास १६ अँपिअरचा सॉकेट हवा. जुन्या बाजारपेठेतल्या दुकानांची वायरिंग जुनी असते, म्हणून खरेदीपूर्वी इलेक्ट्रिशियनला एकदा विचारावे. घरातल्या नेहमीच्या छोट्या इन्व्हर्टरवरही हे यंत्र चालवण्याचा प्रयत्न करू नये.

कोणासाठी कोणता प्रकार

घरात गाद्या, सोफे, पडदे आणि फरशी एवढेच काम असेल, तर चाकांवर ओढायचे, पिशवीचे साधे कोरडे यंत्र पुरेसे आहे. पिशवी काढून जशीच्या तशी फेकता येते, त्यामुळे गोळा केलेली धूळ पुन्हा अंगावर येत नाही. पिशवी नसलेल्या प्रकारात पारदर्शक डबा असतो. पिशवीचा खर्च वाचतो, पण डबा रिकामा करताना धूळ उडते. दम्याचा रुग्ण असलेल्या घराने पिशवीचाच प्रकार पाहावा.

दुकान, गोदाम किंवा कार्यालय यांच्यासाठी ओले-कोरडे दोन्ही ओढणारे, पिंपाच्या आकाराचे यंत्र अधिक उपयोगी. सांडलेले पाणी, पावसात शटरखालून आलेला चिखल आणि फरशीवरची जाड धूळ ते उचलते. १५ ते ३० लिटरचे पिंप असल्याने वारंवार रिकामे करावे लागत नाही. घेताना ते व्यावसायिक वापरासाठी आहे, असे माहितीपत्रकात लिहिलेले आहे का, ते पाहावे. साध्या कोरड्या यंत्राने पाणी ओढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. त्यात मोटारही जळते आणि विजेचा धक्काही बसू शकतो.

बिनतारी, काठीसारखी यंत्रे हलकी असतात आणि वयस्कर माणसालाही हाताळता येतात. त्यांचा खर्चिक भाग बॅटरी हा असतो. काही वर्षांत ती दमते. नवी बॅटरी मिळते का, केवढ्याला मिळते आणि ती घरच्या घरी बदलता येते का, हे आधी विचारावे. आपल्याकडचा ४५ अंशांपुढे जाणारा उन्हाळा बॅटरीला मानवत नाही, म्हणून ती पत्र्याच्या खोलीत किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नये. आपोआप फिरणारी चकतीसारखी यंत्रे मोकळ्या, सपाट फरशीवर चांगली चालतात. उंबरे, पायऱ्या आणि मालाचे गठ्ठे असलेल्या घर-दुकानाला ती सोयीची नाहीत.

फिल्टरविषयी एक शब्द. बारीक धूळ अडवण्यासाठी ‘हेपा’ प्रतीचा फिल्टर असतो. युरोपीय प्रमाणानुसार ‘एच १३’ या वर्गाचा फिल्टर अडवण्यास सर्वांत कठीण असे कणही ९९.९५ टक्के अडवतो. खोक्यावर ‘हेपासारखा’ एवढेच लिहिलेले असेल आणि वर्ग दिलेला नसेल, तर तो शब्द केवळ शोभेचा समजावा. कोळशाची आणि राखेची सूक्ष्म पूड असलेल्या चंद्रपूर परिसरात या एका बाबीवर थोडे अधिक पैसे देणे योग्य ठरेल. साध्या फिल्टरमधून ती पूड मागच्या जाळीतून पुन्हा खोलीत येते.

दुरुस्ती किती दूर

आता आपल्या भागाचा खरा प्रश्न. गडचिरोलीहून चंद्रपूर सुमारे ८० किलोमीटर आणि नागपूर सुमारे १७५ किलोमीटर. सिरोंच्याच्या व्यापाऱ्याला गडचिरोलीलाच यायचे तर दोनशेच्या आसपास किलोमीटरांचा प्रवास. शहरातल्या ग्राहकाला ‘घरपोच सेवा’ हे शब्द जसे लागू पडतात, तसे ते अहेरी किंवा भामरागडच्या ग्राहकाला लागू पडतीलच असे नाही.

म्हणून पैसे देण्यापूर्वी एक काम अवश्य करावे. कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर स्वतः दूरध्वनी करावा, आपला पिनकोड सांगावा आणि चार गोष्टी विचाराव्यात. या पिनकोडला माणूस घरी येतो का, की यंत्र केंद्रावर आणावे लागते? सर्वांत जवळचे केंद्र कोठे आहे? पिशवी, फिल्टर, नळी आणि कार्बन हे चार भाग सुटे मिळतात का आणि त्यांचे दर काय? याच नमुन्याचे भाग किती वर्षे मिळत राहतील? उत्तरे तारखेसह लिहून ठेवावीत. ज्या कंपनीचा क्रमांक खरेदीपूर्वीच उचलला जात नाही, तो खरेदीनंतर उचलला जाईल अशी आशा धरू नये.

जवळच्या शहरात एखादा मिक्सर-मोटार दुरुस्त करणारा जुना कारागीर असेल, तर त्यालाही विचारावे. कोणत्या यंत्राचे कार्बन त्याच्याकडे सहज मिळतात आणि कोणत्या यंत्राचे झाकण उघडल्यावर पुन्हा बसत नाही, हे त्याला माहिती असते. त्याचे पाच मिनिटांचे मत मोबाइलवरच्या शंभर अभिप्रायांपेक्षा मी अधिक मानतो. सोबत पिशव्यांचा आणि फिल्टरचा एक जादा संच पहिल्याच दिवशी घेऊन ठेवावा.

बिल कोणाच्या नावाने

व्यापारी वाचकांसाठी हा भाग महत्त्वाचा आहे. व्हॅक्यूम क्लीनरवरील जीएसटी जुलै २०१८ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दुकानासाठी यंत्र घेतले आणि बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक असला, तर भरलेल्या कराचे क्रेडिट नियमांनुसार मिळते. २०,००० रुपयांच्या यंत्रावर ही रक्कम ३,६०० रुपये होते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यांना हे क्रेडिट मिळत नाही. क्रेडिट घेतल्यास कराच्या रकमेवर आयकरात घसारा घेता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

याच ठिकाणी एक मोह होतो. यंत्र घरी वापरायचे, पण बिल दुकानाच्या नावाने करून क्रेडिट घ्यायचे. खाजगी वापराच्या वस्तूवर क्रेडिट घेणे कायद्याला मान्य नाही. शिवाय त्यात व्यवहाराचाही तोटा आहे. घरगुती यंत्रांची वॉरंटी बहुतेक वेळा घरगुती वापरापुरतीच असते. आपल्याच भागातील एका कापड दुकानदाराने असे घरगुती यंत्र दुकानाच्या नावाने घेतले होते. दुसऱ्या वर्षी मोटार बंद पडली तेव्हा सेवा केंद्राने बिलावरचे नाव पाहून वॉरंटी नाकारली. कराचे म्हणून वाचलेले हजार-बाराशे रुपये मोटारीच्या खर्चात केव्हाच संपून गेले.

कायद्याचा आधारही येथे बदलतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार घरासाठी वस्तू घेणारा ‘ग्राहक’ ठरतो. तो आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करू शकतो. कंपनीचे कार्यालय दिल्लीत असले तरी त्याला दिल्लीला जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्कही नाही, आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तक्रार नोंदवता येते. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूला मात्र हे संरक्षण सर्वसाधारणपणे मिळत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला तेवढी सवलत आहे. तेव्हा घराचे यंत्र घराच्या नावाने आणि दुकानाचे यंत्र दुकानाच्या नावाने घ्यावे. दोन्हीकडे वापरायचे असेल तर व्यावसायिक प्रकारचे घ्यावे.

जयणेचा विचार

आपल्या घरांत या यंत्राविषयी आणखी एक शंका विचारली जाते, आणि ती योग्यच आहे. यंत्राच्या वाऱ्याला मुंगी आणि माती यांतला भेद कळत नाही. नळीत ओढला गेलेला जीव वाचण्याची शक्यता फार थोडी. म्हणून यंत्र लावण्यापूर्वी कोपरे, कपाटाखालची जागा आणि उंबरा डोळ्यांनी पाहून, मऊ पूंजणीने हलकेच मोकळा करण्याची आपल्या आज्यांची रीत सोडू नये. मुंग्यांची रांग आणि कोळ्याचे जाळे यांवर नळी फिरवू नये. चातुर्मासात जीवोत्पत्ती अधिक, तेव्हा ही काळजीही अधिक घ्यावी.

याची दुसरी बाजूही आहे. फळीच्या फटीत सांडलेले धान्य, गादीखाली साचलेली धूळ आणि दमट कोपरे यांतूनच किडे, कसर आणि झुरळे वाढतात. फटीतला दाणा आणि धूळ दर आठवड्याला निघाली, तर पुढे जीव मारण्याची औषधे फवारण्याची वेळ येत नाही. यंत्राची पिशवी आठवडेच्या आठवडे भरलेली ठेवली, तर मात्र तिच्यातच जीव होतात. पावसाळ्यात तर पिशवी प्रत्येक वापरानंतर रिकामी करावी.

काही वस्तू मात्र कधीच ओढू नयेत. देवघरातली अगरबत्तीची किंवा चुलीची गरम राख पिशवी पेटवू शकते. थिनर, पेट्रोल यांसारखे द्रव आणि त्यांची वाफ मोटारीच्या ठिणगीने भडकते. झेरॉक्स यंत्राची सांडलेली काळी पूड साध्या फिल्टरमधून थेट हवेत जाते. पिठाची, हळदीची आणि राईस मिलमधल्या कोंड्याची पूड घरगुती यंत्राने साफ करू नये. अशी सेंद्रिय पूड हवेत दाटली की पेट घेऊ शकते, आणि मिलसाठी त्या कामाची वेगळी यंत्रे असतात.

यंत्र कोण चालवणार

शेवटचा मुद्दा सर्वांत साधा आणि सर्वांत दुर्लक्षित. खरेदीला घरातले किंवा पेढीवरचे कर्ते पुरुष जातात. यंत्र चालवतात सून, कामाच्या ताई किंवा दुकानातला मुलगा. ज्या हाताने ते चालणार, त्या व्यक्तीला दुकानात सोबत न्यावे. तिला यंत्र उचलून पाहू द्यावे, पिशवी काढून पुन्हा बसवू द्यावी, पाच मिनिटे चालवून आवाज सोसतो का ते पाहू द्यावे. वजन पेलत नसेल, वायर आखूड पडत असेल किंवा पिशवी बसवताना नखे तुटत असतील, तर ते यंत्र कितीही नामांकित असले तरी महिन्याभरात कोपऱ्यात जाईल.

घरी आणल्यावर त्याच व्यक्तीला चार गोष्टी समजावून सांगाव्यात. पिशवी तीन चतुर्थांश भरली की रिकामी करायची. कोरड्या यंत्राची मोटार ओढलेल्या हवेनेच थंड राहते, म्हणून फिल्टर गच्च झाला की मोटार तापते. यंत्र अचानक थांबले तर बटण पुन्हा पुन्हा दाबायचे नाही, वायर काढून ते थंड होऊ द्यायचे आणि नळीत अडकलेला बोळा शोधायचा. धुतलेला फिल्टर सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय बसवायचा नाही. पावसाळ्यात त्याला दोन दिवस लागले तरी थांबायचे. आणि वायर ओढून पिन काढायची नाही.

ज्यांना यंत्र परवडत नाही किंवा ज्यांच्या घराला त्याची गरज नाही, त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. फरशीवर पाण्याचा हलका शिडकावा करून किंवा ओल्या फडक्याने पुसून, दारे-खिडक्या उघड्या ठेवून आणि झाडणाऱ्याच्या नाका-तोंडाला फडके बांधून निम्मे काम साधते. ज्यांनी घ्यायचे ठरवले आहे, त्यांनी वरील तीन प्रश्नांची उत्तरे, सेवा केंद्राने सांगितलेली माहिती आणि बिल ही तिन्ही कागदपत्रे वॉरंटी कार्डासोबत एकाच पाकिटात ठेवावीत, आणि पाकिटावर खरेदीची तारीख लिहावी. पुढील अंकात घर व दुकानासाठी इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी निवडताना काय पाहावे, याचा विचार करू.